फ्लॅटवरचं पहिलं नाव

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे कुंडलिकबाबांना, संशय घ्यायला कारण लागत नाही. दूधवाला हसून बोलला तरी ते पातेल्यात बोट बुडवून बघतात. मतदानाला गेले की बटण दाबून मशीनमधली चिठ्ठी खाली पडेपर्यंत काचेला नाक लावून उभे. अधिकारी म्हणतो, "आजोबा, चला." बाबा म्हणतात, "माझ्या आज्याला मत नव्हतं, जमीन नव्हती म्हणून. बापाला होतं, पण पाटील सांगेल तिथेच शिक्का. मला मिळालंय ना, मग नीट बघू दे की!" यावर कोण काय बोलणार?

कांजूरमार्गची आमची झोपडी तुटून बिल्डिंग झाली, सहाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. तळमजल्याच्या हॉलमध्ये बाबांनी भांडून अभ्यासिका सुरू केली. माझी स्वरदा दहावीला आहे, घरात टीव्ही आणि मिक्सर, त्यामुळे ती तिथेच बसायची. यंदा सोसायटीचा चेअरमन हर्षद याने नवीनच टूम काढली. हॉल कुरिअरवाल्यांना गोदामासाठी भाड्याने द्यायचा आणि त्यातून बंद पडलेली लिफ्ट दुरुस्त करायची.

"लिफ्ट कसली! याचा मेव्हणा असणार कुरिअरमध्ये," बाबा म्हणाले. चौकशी केली, मेव्हणा निघाला नाही. मग तर बाबांना जास्तच संशय आला.

ते हटून बसले की हात वर करून मतदान नको, चिठ्ठ्या टाका. हात दिसला की हर्षद लक्षात ठेवतो, मग त्या घराची गळती कुणी बघायला येत नाही. खरंच होतं ते. हर्षदने तोंड वाकडं करून खोका आणला.

सभेच्या दिवशी माझ्या सासूबाई, शांताबाई, पहिल्यांदाच खाली आल्या. गुडघे दाबत, मजल्यामजल्यावर थांबत.

"तू कशाला आलीस?" बाबांनी विचारलं.

"अशीच."

बाबा चिठ्ठी घ्यायला गेले तर हर्षद गोड हसला. "काका, फ्लॅटवर पहिलं नाव काकूंचं. त्या हजर असल्या की मत त्यांचं. नियम आहे."

"हिला तूच बोलावलंस!" बाबा चवताळले. पण नियम खरा होता. आजवर सासूबाई वरच बसायच्या, म्हणून बाबांचं चालायचं. शेवटी ते म्हणाले, "असू दे. मत घरातच आहे. शांता, टाक."

सासूबाईंनी पाठ फिरवून खूण केली, बारीक घडी घातली आणि चिठ्ठी खोक्यात टाकली.

एका मताने हॉल गेला.

बाबांनी पुन्हा मोजायला लावलं, खोका उलटा करून आपटला. स्वरदा पुस्तकं गोळा करून रडत वर गेली. मला इतका संताप आला होता, पण कुणावर काढू तेच कळेना.

घरी येताच बाबांनी दार लावलं. "खरं सांग, कुणीकडे टाकलंस?"

सासूबाई गुडघ्याला तेल चोळत होत्या. "गुप्त होतं ना? तुम्हीच भांडून आणलंत."

"अगं, मी नवरा आहे तुझा!"

"इतकी वर्षं माझं मत तुम्हीच दिलंत. कधी विचारलंत, शांता, कुणीकडे टाकू?"



आता लिफ्ट चालू आहे. सासूबाई रोज संध्याकाळी खाली जाऊन बसतात. बाबा जिन्यानेच चढतात आणि धापा टाकत मला हळूच विचारतात, "सपना, तुला बोलली असेल ना ती?"

नाही बोलल्या. आणि बोलल्या असत्या, तरी मी बाबांना सांगितलं नसतं.