दादाच्या गाडीचे चार रंग

भूतबित, आत्मा वगैरे मी मानत नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. पण गेल्या दसऱ्याला जे झालं त्याचा राग अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

माझा थोरला भाऊ, दादा, कॅनडात रेल्वेचे डबे रंगवायचा. उभा जन्म तिकडेच गेला. तो वारल्यावर वहिनीने त्याने हाताने केलेली लाकडी गाडी पाठवली... चार डबे, चारही वेगळ्या रंगांचे. तिकडच्या जुन्या पॅसेंजर गाड्यांचे रंग जसे बदलत गेले तसेच त्याने दिले होते. गडद हिरव्यावर सोनेरी रेघ, मग मरून-करडा, मग काळा-पांढरा, शेवटी निळा-पिवळा. दादा डावखुरा. त्याची रेघ उजवीकडून निघायची आणि सुरुवातीलाच रंगाचा बारीक थेंब साचायचा.

धाकटा सतीश दिंडोरीला द्राक्षं करतो. खंडेनवमीला ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, सगळं धुऊन, रंगवून पूजतो. मीच शहाण्यासारखा दादाची गाडी पूजेला घेऊन गेलो. आंघोळ करून येतो तर चारही डबे चंदेरी.

"चार डबे चार रंगाचे, ठिगळं लावल्यावानी दिसत व्हते. एकसारखे केले," सतीश म्हणाला. ट्रॅक्टरचा उरलेला रंग होता म्हणे.

मी त्याला नाही नाही ते बोललो. दादाच्या हातचं आमच्याकडे एवढंच होतं. न जेवता इंदिरानगरला घरी आलो, गाडी शोकेसमध्ये ठेवली, कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली.

दसऱ्याला दुपारी बघतो तर – हिरवा, मरून, काळा-पांढरा, निळा-पिवळा. चारही डबे होते तसे. पिवळ्या रेघेला हात लावला तर रंग बोटाला आला. थेंब उजवीकडेच होता.

सतीशला फोन लावला. "तू येऊन गेलास का?"

"मी सकाळपासून मळ्यात हाय. अन् चावी तुझ्याकडं ना?" मग म्हणाला, "दादाच आला आसंल."

मी फोन ठेवून दिला. बायको म्हणते, नशीब समजा, भाऊजी येऊन गेले.

कसलं नशीब... हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण आईने शेवटचे आठ दिवस दाराकडे बघत काढले, तेव्हा हाच दादा फोनवर म्हणाला होता, एवढ्या लांबून यायला जमणार नाही. रंगासाठी बरं जमलं.