प्रधानबाईंची साक्ष

मी कॉलेजात नवीन लागले त्या वर्षी स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मुलांनी झोकात मराठी आरमाराचं जहाज काढलं होतं. वर भगवा, बाजूला तोफा, धूरच धूर. तेवढ्यात सुती साडी आणि रबरी चपला अशा वेषातल्या एक बाई मंचावर चढल्या आणि म्हणाल्या, "या जहाजामागची गलबतं कुठायत?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनी ब्रश उचलला आणि जहाजामागे पार कोपऱ्यापर्यंत लहान लहान शिडं काढत गेल्या. हे तांदळाचं, हे मिठाचं, हे लाकडाचं. शेवटी मासेमारीच्या चार होड्या. "आता झालं आरमार," म्हणाल्या आणि पदराला हात पुसत निघून गेल्या. त्यांनी रंगात पाणी फार घातलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळी गलबतं ओघळली.

या प्रधानबाई. डोंबिवलीच्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि ठाण्याला नौपाड्यात एकट्या राहायच्या. अठराव्या शतकातलं आरमार हा त्यांचा विषय. पण लढायांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. "लढाई काय, वर्षातून एखादी. बाकी वर्षभर हे लोक काय करत होते, ते विचार ना मला," असं त्या म्हणायच्या, आणि मी न विचारताच सांगायला लागायच्या. व्यापाऱ्यांची गलबतं बंदराच्या तोंडाशी थांबून राहायची, पुरेशी जमली की आरमाराची जहाजं पुढेमागे घेऊन ताफ्याने निघायची. मासेमारीच्या हंगामात कोळ्यांच्या होड्यांवरही नजर ठेवावी लागे, कारण शत्रू जाळ्यांसकट माणसं उचलून न्यायचा. बाईंच्या लेखी आरमार म्हणजे ही राखण. ऐकणारा भारावलेला दिसला की त्या लगेच त्याला जमिनीवर आणायच्या. "फार उमाळा नको हं. परवाना नसलेलं जहाज हेच राखणदार धरायचे."

याच विषयावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. प्रकाशक म्हणायचे, बाई, दोन-चार लढाया घाला. बाई म्हणायच्या, "मग ते दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक होईल." ते छापलं गेलं नाही.

रविवारी त्या कोळशेतला खाडीवर जायच्या. होड्यांचे, वाऱ्यांचे जुने शब्द विचारता विचारता त्यांची भास्कर आणि हिरूबाई या कोळी जोडप्याशी मैत्री झाली होती. पुष्कळदा मीही बरोबर असायचे. भास्कर अबोल, हिरूबाई तोंडाची फटकळ. जाळ्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या झटकताना ती म्हणायची, "म्हावरा नाय बाय, निसत्या पन्न्या गावतान." तरी जे काही मिळालेलं असे त्यातलं थोडं ती बाईंच्या पिशवीत कोंबायची. ते साफ करताना बाईंची उडणारी तारांबळ पाहण्यासारखी असायची.

मग खाडीकाठी भराव टाकून रस्ता करायचं ठरलं. होड्या लावायची जागा त्यात जाणार होती. हरकतींवर सुनावणी लागली तेव्हा गावाने बाईंना साकडं घातलं. मी बाईंकडे होते तेव्हाच भास्कर पहिल्यांदा नौपाड्याला आला, खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "तुमी शिकलेल्या. तुमचा ऐकतील."

त्याच्याबरोबर गावाने लावलेला तरुण वकील होता. त्याने चहा संपवला आणि मुद्द्यावर आला. "मॅडम, एकच वाक्य हवंय. या गावच्या मासेमारीला आरमाराच्या काळापासून सरकारी संरक्षण होतं, एवढं म्हणा. कोण तपासणार आहे?"

"मी तपासलंय ना," बाई म्हणाल्या.

वकील हसला. त्याला वाटलं, काम झालं. बाई काय म्हणाल्या ते फक्त मला कळलं.

सुनावणीला सगळं गाव आलं होतं. हिरूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. बाई इतक्या सुंदर बोलल्या की मागची कुजबुज थांबली. समुद्रावर जाणाऱ्याची राखण करणं हे राज्याचं काम आहे असं त्या काळच्या राज्यकर्त्यांनाही कळत होतं, हे त्यांनी उदाहरणं देऊन सांगितलं. सुनावणी घेणारे साहेबही लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "म्हणजे कोळशेतच्या खाडीतही ही राखण होती?"

बाईंनी चष्मा काढला. वकील त्यांच्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा.

"समुद्रावर होती," बाई म्हणाल्या. "इथल्या खाडीतल्या कोळ्यांसाठी होती, असं मला कुठेही सापडलेलं नाही."

"म्हणजे नव्हती?"

"सापडलेलं नाही, एवढंच म्हणते."

साहेबांनी शेजारच्या लेखनिकाला सांगितलं, "पुरावा नाही, असं लिहा."

"पण तेव्हा नव्हती म्हणून आजही नको, असं कसं होईल?" बाईंचा आवाज चढला. "आज यांना राखणार कोण?" पण तोवर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं.

बाहेर आल्यावर भास्कर तोंड फिरवून उभा राहिला. हिरूबाई मात्र बाईंच्या समोर आली. "बाय, तुला येक सबूद बोलाला काय झालता गो?"

बाईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. हिरूबाईने हात मागे घेतला.

बाई हो म्हणाल्या असत्या तरी भराव थांबला असता, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण गावाला तसं वाटत होतं, आणि बाईंनाही. पावसाळा संपताच मातीचे डंपर आले. भास्करने होडीचं इंजिन विकलं, होडी तोडून सरपण केलं आणि जवळच्याच एका टॉवरमध्ये वॉचमन म्हणून लागला. बाई एकदा त्यांच्याकडे जाऊन आल्या. हिरूबाईने चहा दिला, पाट दिला, आणि चहा संपेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. त्यानंतर बाईंनी कोळशेतचं नाव काढलं नाही. लिहिणं तर थांबलंच.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले, मग बोलणं जड झालं. मी मानपाड्याच्या माझ्या घरून आठवड्यातून एकदा जाऊन त्यांना जेवू घालून यायचे. एकदा वरणभात भरवताना मी म्हटलं, "बाई, तुम्ही खरं तेच बोललात. त्याचं समाधान तरी असू द्या." त्यांनी घास गिळला. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "समाधान नाही गं. खोटं बोलले असते, तरी नसतं. असा रस्ताच नव्हता, ज्यावरून मी घरी नीट आले असते."

थंडीत त्या गेल्या. स्मशानात आम्ही कॉलेजातले मोजकेच लोक होतो. कोळशेतला कळवावं असं मला वाटलं, म्हणून मी मुद्दाम गेले. हिरूबाई ओट्यावर बाजारातून आणलेली कोळंबी सोलत बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. तिने पदराने नाक पुसलं.

"बरी बाय होती," ती म्हणाली. "खोटा नाय बोलली कवा. पन आमाला तिचा उपेग काय झाला, सांग."

माझ्या उत्तराची तिने वाट पाहिली नाही. खाली वाकून ती पुन्हा कोळंबी सोलायला लागली.