लांगरीचं डिस्चार्ज बुक

जे आता सांगायला बसलोय, ते माझ्या तोंडून आजवर एकदाही बाहेर पडलेलं नाही. बायकोपुढे नाही, लेकीपुढे नाही, देवळात हात जोडतानासुद्धा नाही — तिथंही मी 'पोरीचं भलं कर' एवढंच म्हणतो, घंटा वाजवतो आणि बाहेर येतो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्याजवळ बोलता येईल. येईल ना? बघू.

मी माजी सैनिक. कुंडलजवळच्या एका गावात राहतो. थोडा ऊस आहे, पेन्शन आहे, तब्येत ठणठणीत आहे. तक्रारीला जागा नाही. उलट गेल्या तीन वर्षांत माणसांनी माझ्यावर इतकी माया केली की, चूक कबूल करायला बसलो तरी आधी आभारच मानावेसे वाटतात. पण आभार मानत बसलो तर मूळ गोष्ट पुन्हा राहून जाईल. मला ती सवय आहे.

तर, माझी एकुलती एक लेक — अक्षता. तीन वर्षांपूर्वी बारावी झाली, सीईटी दिली, मार्क चांगले पडले. तिला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं होतं, तेही सांगलीच्या एका ठरावीक कॉलेजात. दहावीत शाळेनं एकदा ते कॉलेज दाखवायला नेलं होतं. तिथल्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून काढलेला फोटो तिनं अभ्यासाच्या टेबलावर चिकटवला होता. दोन वर्षं तो फोटो समोर ठेवून पोर अभ्यासाला बसली.

मग सुरू झाली फॉर्मांची धावपळ. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पलूसला तहसीलच्या खेपा, बँकेत शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर सह्या — इतक्या सह्या मी फौजेतही केल्या नव्हत्या. गावातल्या सेतू केंद्राच्या मॅडमनी आम्हांला फार सांभाळून घेतलं. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना त्यांनी आदल्या वर्षीच्या याद्या काढल्या, बोट फिरवत फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, खुल्या यादीतून सांगली जरा कठीण दिसतेय, पण माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, त्यातून हिचा नंबर अगदी सहज लागेल. शिवाय सैनिकांच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची सोय. फक्त एक दाखला हवा. सांगलीच्या सैनिक कार्यालयात डिस्चार्ज बुक दाखवायचं, की तो लगेच मिळतो.

अक्षतानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू सांगलीची ती जागा मी खिशातूनच काढून देणार होतो. आणि तसं होतंच ना ते?

तो दाखला वेळेत मिळाला नाही. मी घरी सांगितलं की पुस्तक दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिसला पाठवलंय आणि ते अजून परत आलेलं नाही. खुल्या यादीत तिचं सांगली थोडक्यात हुकलं. साताऱ्याच्या कॉलेजात नंबर लागला, तोही सिव्हिलला. त्या दिवशी पोर रडली नाही. टेबलावरचा फोटो तिनं नखानं हळूच सोडवला आणि वहीत ठेवून दिला. मी बघत होतो.

आता त्या पुस्तकाविषयी सांगायला हवं.

डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते पुस्तक. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षं — आणि ट्रेड. म्हणजे तुम्ही तिथं काय काम केलंत ते. माझ्या पुस्तकात लिहिलंय — कुक. फौजेच्या भाषेत लांगरी. साताऱ्याच्या भरतीत माझी धाव थोडक्यात कमी पडली होती. आचाऱ्याच्या जागा शिल्लक होत्या, मी हो म्हणालो. माझं युनिट तोफखान्याचं होतं, ते खरं. पण तोफेशी माझा संबंध एवढाच, की तोफ चालवणाऱ्यांच्या ताटात मी वाढत होतो.

पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा तालमीत सगळी जमली होती. माझे चुलते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तोफ चालवलीस का न्हाई रं अजून?"

मी म्हणालो, "चालवली की."

बस्स, एवढंच. दोन शब्द. आमच्या गावात दर दोन घरांआड एक फौजी, आणि प्रत्येकाच्या नावामागं एक शौर्याची गोष्ट. तिथं मी भाजी चिरतो असं कसं सांगू? पुढं त्या दोन शब्दांना पाय फुटले. पंधरा ऑगस्टला शाळेत मला बोलवायचे. मी तोफेचा आवाज कसा होतो ते तोंडानं करून दाखवायचो आणि पोरं कानावर हात ठेवायची. बायकोला — शालनला — मी कधी क्वार्टरमध्ये नेलं नाही. दर वेळी सांगायचो, पोस्टिंग कडक आहे. तिथं आली असती तर पहिल्याच दिवशी कुणीतरी मला हाक मारली असती, 'लांगरी, चाय!' घरात तर मी चुलीजवळ फिरकत नव्हतो. माझ्या हाताला चव आहे हे शालनला लग्नाला वीस वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही हो. हे तर आता सगळ्या गावाला माहीत आहे. कसं, ते सांगतो.

साताऱ्यात वसतिगृह भरलेलं होतं. दोन दिवस मी आणि अक्षता खोल्या बघत हिंडलो. कुठं अंधार, कुठं पाण्याची बोंब, कुठं मालकाची नजर आवडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दमून एका खानावळीत जेवायला बसलो. ती चालवणाऱ्या हिराबाई म्हसवडकडच्या. माणसं मेंढपाळ, नवरा अजूनही वर्षातले काही महिने कळपामागं मुलुख फिरतो. आमचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं असावं. ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या खोलीत एक कॉट टाकू की. पोर काय मला जड हाय व्हय?"

त्या क्षणी मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आजही वाटतं. तीन वर्षं माझी लेक त्यांच्या घरी आहे. तापात त्यांनी तिच्या उशाशी बसून रात्री काढल्यात, आणि परीक्षेच्या सकाळी तिला दूध प्यायल्याशिवाय बाहेर सोडलेलं नाही.

पहिल्याच वर्षी हिवाळ्यात मी तिकडं तांदळाचं पोतं पोचवायला गेलो होतो. त्या दिवशी आमटीचं पातेलं उतरवताना हिराबाईंचा हात भाजला. तासाभरात चाळीस पोरं जेवायला येणार होती. बाई हाताला फडकं गुंडाळून नुसत्या बघत बसलेल्या. मी बाह्या वर केल्या. पुढं काय झालं ते मलाही नीट आठवत नाही — हात आपोआप चालत होते. फोडणी, डाळ, भात. मीठ मुठीनं टाकलं.

हिराबाई म्हणाल्या, "भाऊ, चव बी घेतली न्हाई तुमी. ह्यो हात कुटं शिकला?"

मी मान वर केली, तर दारात अक्षता. कॉलेजातून आलेली, पाठीवर दप्तर. तिच्याशी मला तेव्हा खोटं बोलवेना. म्हणालो, "फौजेत. लांगरी होतो मी. तोफबिफ काय न्हाई."

मला वाटलं होतं, तिची मान खाली जाईल. ती पोर हसली. डोळे पुसत हसली आणि जेवायला आलेल्या प्रत्येकाला सांगत सुटली, "माझ्या पप्पांनी केलंय आज! बर्फात शंभर-शंभर माणसं जेवायला घातल्यात त्यांनी!" वीस वर्षं जे मी ट्रंकेत कुलूप लावून ठेवलं, ते तिनं पाच मिनिटांत ताटाताटांतून वाढून टाकलं.

सुट्टीला आली तेव्हा तिनं गावातही तेच सांगितलं. गावानं महिनाभर माझी भरपूर टर उडवली. "तोफगोळं तळून काढायचास का रं गड्या?" वगैरे. मग यात्रेच्या भंडाऱ्याचं काम माझ्याकडेच दिलं. शालन मात्र हसली नाही. चूल सारवता सारवता एवढंच म्हणाली, "आवं, म्हणून न्हेलं न्हाई व्हय मला कवा?" मी व्हय म्हणालो. ती उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून सकाळचा चहा मी करतो. त्यानं भरून निघत नाही, मला कळतं. पण ती तो पिते, तिचे उपकार.

आता ती गोष्ट. टाळत टाळत इथवर आलो, आता पुढं टाळायला काही उरलेलं नाही.

पुस्तक रेकॉर्ड ऑफिसला गेलंच नव्हतं. दुरुस्ती कसली? ते ट्रंकेत होतं. कागदपत्रं द्यायच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी ते काढलं, कापडी पिशवीत घातलं आणि सांगलीची एसटी धरली. घरी म्हणालो, कार्यालयात चौकशी करून येतो. मनात होतं — खरंच होतं — की आज दाखला घ्यायचा, काय व्हायचं ते होऊ दे. कार्यालयासमोर पोचलो, तेव्हा अकरा वाजले असतील.

तिथं टेबलावर बबन बसायचा. बबन आमच्याच गावचा, तालमीतला माझा जोडीदार, निवृत्त हवालदार. पुस्तक त्याच्याच हातात द्यायचं होतं. तो पान उलटणार, ट्रेड वाचणार, आणि संध्याकाळपर्यंत चावडीवर —

समोर रसवंती होती. मी तिथं बसलो. घरी उसाचं रान असलेला माणूस विकतचा रस पीत बसला. एक ग्लास, दोन ग्लास, तिसरा. पिशवी मांडीवर. दुपारी बबन चहाला बाहेर आला आणि त्यानं मला बघितलं.

"आरं, हितं काय करतुयास? पोरीचा दाखला न्ह्यायचा हाय न्हवं? आज शेवटचा दिस हाय."

मी म्हणालो, "पुस्तक आलं न्हाई रं अजून. बाजाराला आलतो."

"मग कुटनं बी फोन कर, कायतरी कर. पोरीचं वर्स हाय. मी बसतो पाचापत्तोर, घिऊन ये."

तो आत गेला. त्याच्या आणि माझ्यामध्ये फक्त एक रस्ता होता. मी पिशवीचे बंद हाताभोवती गुंडाळले, स्टँडवर गेलो आणि तीनच्या एसटीनं घरी आलो. अक्षता फाटकात उभी होती. "काय म्हणाले, पप्पा?" मी म्हणालो, "न्हाई जमलं, बाळ." तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. ती तशीच आत नेऊन खुंटीला अडकवली आणि मला पाणी आणून दिलं.

पुढच्या वर्षी, लांगरीचं गुपित फुटल्यावर, मी पुस्तक 'आलं एकदाचं' म्हणून बाहेर काढलं. हेही खोटंच. माजी सैनिकांच्या मुलांची शिष्यवृत्ती होती, त्यासाठी बबनकडे गेलो. त्यानं ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुझा ट्रेड मला ठावं हाय की. हितल्या नोंदवहीत तुझं नाव हाय. मी कामाला लागलो त्याच वर्साला वाचलं."

सहा वर्षं त्याला माहीत होतं. सहा वर्षं त्यानं चावडीवर एक अक्षर काढलं नव्हतं. पंधरा ऑगस्टला मी तोंडानं तोफ उडवायचो तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तो पुढं असायचा. ज्याच्या भीतीनं मी रस्ता ओलांडला नाही, त्याच्याइतकं मला कुणी जपलं नव्हतं. दाखल्याच्या त्या शेवटच्या दिवशी तो सहा वाजेपर्यंत थांबला होता, असं मला नंतर कार्यालयातल्या दुसऱ्याच माणसाकडून कळलं. बबननं मला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

अक्षता आता शेवटच्या वर्षाला जाईल. सिव्हिलमध्ये तिचं मन रमलंय असं ती सांगते. मी ते खरं मानतो, कारण मला ते मानायला बरं वाटतं. तो फोटो अजून वहीत आहे. मी एकदा बघितला.

मागच्या दिवाळीत शिष्यवृत्तीचे पेढे घेऊन ती बबनच्या घरी गेली, मला सोबत घेऊन. पेढा तोंडात टाकून बबन तिला म्हणाला, "बाप लय पळाला गं तुझ्यासाठी." म्हणाला तिला, बघत होता माझ्याकडे. तिचे डोळे भरून आले. तिथंच, त्याच्यासमोर, ती माझ्या पाया पडायला वाकली.

मी पाय मागं घेतले नाहीत.