दसऱ्याच्या पूजेचा फोटो

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, त्याबद्दल आधीच माफी मागते. मी अधिकारी नव्हते. पोलीस ठाण्यात झाडू-पोछा करून निवृत्त झाले. पण तिथे नोंदलेला एक गुन्हा काही केल्या मनातून जात नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवते.

सक्करदऱ्यातल्या एका महिला पतसंस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून कोणीतरी आम्हा बायांच्या ठेवी दुसऱ्या खात्यांत वळवल्या. माझीही ठेव त्यात होती, धाकटीच्या नर्सिंगच्या फीसाठी जमवलेली. फी भरायला चार महिने उरले होते.

गुन्हा नोंदवला, पंचनामा झाला. आमच्या ठाण्याच्या साहेबांनी सर्व्हर, म्हणजे संस्थेचा मुख्य कॉम्प्युटर, तपासायला त्यातल्या जाणकार एक मॅडम बोलावल्या. संस्थेची लेखी परवानगी घेऊन त्यांनी दोन दिवस स्वतःच चोरासारखा बाहेरून आत शिरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्या म्हणाल्या, बाहेरून सगळं पक्कं आहे, चोर खरा पासवर्ड टाकूनच आत गेला. पासवर्डची चिठ्ठी सर्व्हरच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ऑपरेटर मुलीकडे. झालं, संशय तिच्यावर गेला.

तीन दिवस तिची चौकशी चालली. साहेब ओरडत नसत. तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारत. खोटं बोलणारा दर वेळी थोडं वेगळं सांगतो. हिचं उत्तर बदलत नव्हतं. चहाचे कप उचलताना मी ऐकत होते.

चौथ्या दिवशी डबा खाताना मोबाईल पाहत होते. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चोरीआधीच्या दसऱ्याचा फोटो होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा करतात, तशी सर्व्हरची केली होती. कपाटाचं दार सताड उघडं, हार, हळदीकुंकू. आणि दाराला आतून चिकटवलेली ती चिठ्ठी. बोटांनी फोटो मोठा केला, तर आकडे स्पष्ट दिसले.

साहेबांच्या केबिनमध्ये मी पोछ्याशिवाय कधी गेले नव्हते. दारातच उभी राहिले.

"काय बाई, सुटी पाहिजे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. मले एक फोटो दाखवाचा होता."

हवालदार हसले. "बाई आता सायबर सेल चालवून राहिल्या वाटते."

साहेब हसले नाहीत. फोटो पाहून त्यांनी मॅडमना फोन लावला.

मग ग्रुपवर कोण कोण आहे ते पाहिलं. सगळ्या बायाच, पुरुष एकच. मनीषनगरचा, पूर्वी संस्थेचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. काम बंद होऊन वर्ष झालं, पण त्याला ग्रुपमधून काढायचं कोणाला सुचलंच नाही. चोरी कोणत्या इंटरनेट कनेक्शनवरून झाली, याचं साहेबांनी कंपनीकडून मागवलेलं उत्तर त्याच आठवड्यात आलं. कनेक्शन त्याच्या घरचं होतं.

आधी तो म्हणाला, मी तिकडे वर्षभर फिरकलोच नाही. साहेबांनी मोठा छापलेला फोटो आणि कंपनीचं पत्र समोर ठेवलं.

"फोटो तर सगळ्याईले दिसला होता साहेब," तो म्हणाला. "वाचला फक्त मी."

ऑपरेटर मुलगी संशयातून सुटली. जाताना माझा हात धरून रडली. मॅडमनी पासवर्ड बदलले, प्रत्येकीचा वेगळा केला, मोबाईलवर आकडा आल्याशिवाय सर्व्हर उघडणार नाही अशी सोय केली.

आपल्याला काय कळतं, असं म्हणून मी आयुष्यभर गप्प राहिले. त्या दिवशीही गप्प बसले असते, तर त्याला पासवर्ड तिनेच दिला असं ठरून एक निर्दोष पोर कोठडीत गेली असती. हे मी त्या गुन्ह्यातून शिकले.

पैसे वळवलेली खाती पोलिसांनी गोठवली होती, ती कोर्टाच्या आदेशाने मोकळी झाली. अर्धी रक्कम फीच्या तारखेच्या आठवडाभर आधी मिळाली, त्यातून त्या वर्षाची फी भरली. उरलेली गेल्या महिन्यात आली. संस्थेत जाऊन पासबुक छापून घेतलं आणि तिथेच बाकावर टेकले. ठेव पूर्ण परत जमा झाली होती.