नमुना पुढे, कृती मागे

"कुळकर्णी, शनिवारी सगळ्या स्टाफला तुम्हीच समजवा, रिसर्च सांभाळायचा कसा ते," प्रिन्सिपॉल म्हणाले. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? चोराला दार मीच उघडून दिलं होतं, हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

एकाहत्तर साल असावं. सुरतेच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्रीचा विभागप्रमुख होतो. सुमन पाटील माझ्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. मूळच्या धुळ्याकडच्या, वडील इथे मागावर कामाला. चार वर्षं बाई एकाच गोष्टीच्या मागे लागल्या होत्या: साडीच्या काठातली खोटी जर काळी पडू नये. खोटी जर म्हणजे तांब्याची तार, वर चांदीचा पातळ मुलामा. इथली दमट हवा आणि घाम लागला की वर्षभरात साडीचा काठ काळाठिक्कर. बाईंनी त्यावर चढवायचं पारदर्शक लॅकर तयार केलं. डिग्री मिळाली की लेक्चररची जागा पक्की. तोवर आमच्याकडे शिकवायची नोकरी टेम्पररी, आणि मुदत जूनमध्ये संपत होती.

आमच्या लॅबची एक पद्धत होती. नमुन्याची तार जाड कार्डावर गुंडाळायची आणि कार्डाच्या पाठीवर कृती लिहायची. काय घातलं, किती घातलं, किती तापवलं. वही शोधायला नको. फार सोयीची पद्धत. चोरालासुद्धा!

एका दुपारी माझा जुना विद्यार्थी आला. कतारगामला जरीच्या कारखान्यात लागला होता. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. झालं, मी विरघळलो. चहा मागवला. बाई जेवायला गेल्या होत्या. माझ्याकडच्या चावीने त्यांचं कपाट उघडलं आणि कौतुकाने कार्ड त्याच्या हातात दिलं.

"साहेब, एकच दिवस द्या. शेठने बतावीने पाछुं आपी जईश."

"शेठला दाखव, पण उद्या नक्की परत आण हं."

दुसऱ्या दिवशी त्याने ते आणून दिलंही. हरवलं असतं तर बरं, निदान मला शंका तरी आली असती.

काही महिन्यांनी त्या कारखान्याची न काळवंडणारी जर बाजारात आली. मागोमाग बाईंचा प्रबंध परत आला. परीक्षकाचा शेरा होता, 'हे लॅकर कारखान्यात वापरात आहे. उमेदवाराने तिथूनच उचललेलं दिसतं.' अहो, जिच्या घरी चोरी झाली तीच चोर! 'कार्ड मी दिलं,' एवढं एक पत्र परीक्षकाला लिहिलं असतं तर बाई सुटल्या असत्या. लिहायला बसलोही. मग खुर्ची आठवली, लोक काय म्हणतील ते आठवलं, आणि कागद फाडून टाकला. लाज वाटते सांगायला.

शेरा प्रिन्सिपॉलांच्या कानावर गेला आणि त्यांनी ती सभा ठरवली. शनिवारी हॉल भरला होता. मी ठणकावून सांगितलं, कपाटाला कुलूप लावा, पाहुण्याची नोंद करा, सहीशिवाय नमुना बाहेर देऊ नका. मग म्हणालो, "आपल्याच एका विभागात हयगय झाली."

मागच्या बाकावरून पाटीलबाई उभ्या राहिल्या. "कोणाची, सर?"

"ते... चौकशी चालू आहे."

"माझं कपाट कायम बंद असायचं, सर. चाव्या दोनच. एक माझ्याकडे." बाईंचा आवाज जराही चढला नाही. दुसरी कोणाकडे, हे त्यांनी सांगितलं नाही. मला संधी दिली होती त्यांनी. मी पुढचा मुद्दा घेतला.

जूनमध्ये त्यांची मुदत संपली. बारडोलीच्या एका शाळेत त्या विज्ञान शिकवायला गेल्या. जाताना कपाटाची चावी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

माझं ते व्याख्यान कॉलेजने नियमावली म्हणून छापलं, वर माझं नाव घालून. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी प्रत मिळायची. कुलूप, नोंद, सही, सगळं होतं त्यात. हयगय साहेबांचीच असेल तर त्यांनी उभं राहून तसं सांगावं, एवढाच नियम मी घातला नाही.