हिरवी वायर

मी दुरुस्त केलेला कॉम्प्युटर नीट चालत होता, म्हणून नामदेवराव काका गेले.

आज वर्ष झालं. वर्षभर हे कुणाला बोललो नाही.

नागपुरातल्या हुडकेश्वरचे काका म्हणजे माझं पहिलं गिऱ्हाईक. मी भाड्याच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान उघडलं त्या दिवशी स्वतःचा कॉम्प्युटर स्कूटरवर बांधून घेऊन आले.

"काय झालं काका याला?"

"काही नाही झालं गा. पण तुई बोहनी तर व्हायले पाहिजे!"

पुढे दुकान वाढलं, हाताखाली माणसं आली. काकांच्या घरी मात्र मी स्वतः जायचो.

मागच्या मेमध्ये त्यांचा फोन. "अबे, हा डब्बा मधातच बंद पडून राहिला. कधी हँग, कधी आपल्या मनानं रिस्टार्ट. नात म्हणते, आजोबा हारले की बटण दाबतात!"

नात पुण्याला. दर रविवारी चार वाजता आजोबा-नात कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचे. काकांचा सगळा आठवडा त्या चार वाजण्यासाठी.

मी रॅम बदलली. धूळ काढली. पॉवर सप्लाय नवा टाकला.

दुकानात आणून दोन दिवस सतत चालवला. एकदाही थांबला नाही.

घरी नेऊन लावला. पंधरा मिनिटांत रिस्टार्ट.

मशीन चांगलं होतं. बिघाड घरात होता.

रविवारी दुपारी तीनला परत गेलो. नवतपा, मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, सुरू होता; रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खोलीत काकांचा जुना लोखंडी कूलर घरघरत होता.

काही खोललं नाही. नुसता बसून ऐकत राहिलो.

माझं शिक्षण बेताचं, पण कान तयार आहेत. कुठला पंखा थकला, कुठली डिस्क मरायला टेकली, मला आवाजावरून कळतं.

खोली चिपचिपी झाली की काकू कूलरचा पंप बंद करायच्या. गरम झालं की परत सुरू. त्याचं बटण वेगळं.

टक्. काकूंनी पंप सुरू केला. कूलरच्या जाळ्यांत भरलेल्या खसवर पाणी गळायला लागलं.

आणि कॉम्प्युटरचा श्वास अडकला. स्क्रीन जागच्या जागी गोठला.

"काकू, पंप बंद करा. आता चालू करा. परत बंद करा."

"काहून गा? कॉम्प्युटरले पाणी पाजतं का?" काकू हसल्या.

मी टेस्टर काढून बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात घातला. तिथे दिवा लागायला नको.

पंप सुरू केला की लागत होता. बंद केला की विझत होता.

कॅबिनेटला बोटाची मागची बाजू लावली. झिणझिण्या थेट कोपरापर्यंत.

"काका, पंपातून करंट उतरून राहिला. घराचं अर्थिंग जमिनीत गेलंच नाही, म्हणून तो वायरीतून घरभर फिरतो. कॉम्प्युटर त्यानंच बंद पडतो. कूलरची तर पुरी बॉडी धोक्याची आहे."

"मले शिकवतं का बे? तीस वर्षं डेपोच्या वर्कशॉपात काढले म्या. चप्पल घालूनच हात लावतो मी कूलरले."

"काका, मजाक नाही करून राहिलो. पंप बदला."

"बदलू ना. नवतपा तर जाऊ दे. या गर्मीत कूलर खोलून तुया काकूले भाजू का?" मग घड्याळाकडे पाहिलं. "चार वाजायले आले. पोरगी वाट पाहून राहिली. आजच्या पुरतं काही तरी कर."

आजच्या पुरतं.

आमच्या धंद्यात याचा एक उपाय आहे. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

मी एक्स्टेंशन बोर्डाचा प्लग उघडला आणि अर्थिंगची हिरवी वायर पक्कडीनं कापली.

संपलं. करंट कॉम्प्युटरपर्यंत येईना. पंप सुरू, कॉम्प्युटरही सुरू. काका बरोबर चारला खेळायला बसले आणि मला म्हणाले, "जादूगार आहे रे तू!"

निघताना मी दारातून ओरडलो, "उद्या पंप बदला. तोवर पंप लावू नका."

"हो गा, हो." नजर पटावर.

मंगळवारी त्यांचा फोन आला. "एकदाही बंद नाही पडला! पक्का दुरुस्त केला तू."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

आणि त्यांच्या आवाजामागे मला पाणी ऐकू आलं. खसवरून गळणारं, बारीक, एकसारखं.

पंप सुरू होता.

कानांनी ऐकलं. तोंडानं विचारलं नाही. काउंटरवर चार माणसं उभी होती. म्हटलं, संध्याकाळी फोन करू.

केला नाही.

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन. नुसतं रडणं.

काका कूलरमध्ये पाइपनं पाणी भरत होते. फरशी ओली. पाय उघडे. एक हात कूलरच्या लोखंडाला.

मी पोहोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तिथून ते परत आले नाहीत.

खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटर सुरू होता. रविवारचा अर्धवट राहिलेला पट मांडलेला, खेळी काकांची.

थांबला नव्हता. रिस्टार्ट झाला नव्हता. त्या घरात धोका ओरडून सांगणारी एकच वस्तू होती, तिचं तोंड मी बंद केलं होतं.

तेराव्याला काकू म्हणाल्या, "तू तर सांगतलं होतं गा त्यायले. तुया काय दोष?"

सांगितलं होतं. पण त्याच पक्कडीनं पंपाची वायर कापायला पाच सेकंद लागले असते. काका दोन शिव्या देऊन नवा पंप घेऊन आले असते.

काका, तुमच्यासमोर मान खाली घालून उभा आहे. तुमची बोहनी विसरणार नाही. ती हिरवी वायरही नाही.

आणि हे वाचणाऱ्यांनो, आज नागपुरात घरोघरी कूलर भरले जातील. बटण बंद असलं तरी बॉडीत करंट राहू शकतो; पाणी भरायच्या आधी प्लग काढा.

बटण नाही. प्लग.