मॅडमनी वर्गात वाचलेला निबंध

“हे तुला खरंच वाटतं, की लिहायचं म्हणून लिहिलंस?” निबंधातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून मॅडम विचारायच्या. नागपूरच्या एका कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली मराठी शिकवायला लागले, तेव्हा मुलांइतकीच मीही त्या बोटाला घाबरायचे. तुम्हालाही अशा कोणी भेटल्या असतील. माझ्यासाठी चहा मागवायच्या आणि वाचण्याच्या नादात दोन्ही कप स्वतःच संपवायच्या.

एका वर्षी सावनेरच्या मुलीनं बालपणावर निबंध लिहिला. ती आठ वर्षांची असताना धाकटा भाऊ तापानं फणफणला. आजीनं तिला देवासमोर बसवलं. भाऊ बरा होईपर्यंत उठायचं नाही. देव खरंच ऐकतो का, हे बघायला ती मुद्दाम उठून अंगणात गेली. भाऊ वाचला नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘तेव्हापासून माझी देवावर अढळ श्रद्धा आहे.’

मॅडमनी नाव न सांगता तो निबंध वर्गात वाचला. “ही श्रद्धा नाही, भीती आहे,” त्या म्हणाल्या. “सगळा निबंध खरा आहे, फक्त शेवट घाबरून लिहिलाय.”

त्यांचं बरोबर होतं. पण वर्गात सावनेरचीच आणखी एक मुलगी होती. आठवड्याभरात गोष्ट घरी पोचली आणि निबंध लिहिणारी कॉलेजात यायची थांबली.

“चूक माझी आहे. मलाच गेलं पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. मी त्यांच्यासोबत एसटीनं सावनेरला गेले.

मुलीच्या आईनं पाणी दिलं. मॅडमनी माफी मागितली. आई म्हणाली, “ही उठली त्याच्या आधीच पोरगा गेला होता, मॅडम. ही देवाले मागून राहिली होती, कोणत्या तोंडानं सांगू? आपण उठलो म्हणून तो गेला, असं हिच्या मनात आहे, हे मले आता समजलं.”

मुलगी दारात उभी होती. “मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली ना वं आई?”

“नाही वं.”

तिचा विश्वास बसला नाही, हे आम्हा दोघींना दिसलं.

मुलगी परत आली, पासही झाली. मॅडमनी मात्र त्यानंतर कोणाचा निबंध मोठ्यानं वाचला नाही. एकदा मला म्हणाल्या, “मी तिला खरं लिहायला शिकवलं. त्या खऱ्याचं तिनं पुढं काय करायचं, ते मलाच येत नव्हतं.”

गेल्या हिवाळ्यात मॅडम गेल्या. नागपूरजवळ बेसा इथल्या त्यांच्या घरासमोर सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. मागे त्या मायलेकी होत्या. आईचे ओठ हलत होते. मुलीनं हात जोडले नव्हते. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती.